पुजारी सरांचा तोल

पुजारी सर दारू पितात, हे मला पुजारी सर दिसायच्या आधीच कळलं होतं.

सांगोल्याच्या शाळेतून माझी बदली सोलापूरला झाली. शाळा सात रस्ता चौकापासून जवळच. पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये चहा देणाऱ्या मावशींनी सगळ्यांची ओळख करून दिली. कोण रागीट, कोण भोळं, कुणाला काय सांगायचं नाही. शेवटी म्हणाल्या, "आन गणिताला पुजारी सर हायत. मानूस सोन्यासारका हाय, पर..." आणि अंगठा तोंडाशी नेला.

थोड्या वेळानं व्हरांड्यातून ते येताना दिसले. सावळे, उंच, शर्ट कडक इस्त्रीचा. डावा तळवा भिंतीला टेकवलेला आणि पाय चांगले फाकवलेले, चालत्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माणूस उभा राहतो तसे. दर चार पावलांनी एक पाय भलतीकडंच पडायचा आणि बाकीचं शरीर त्याच्यामागे जायचं. दारात आल्यावर चौकट धरून थांबले, दम घेतला.

"नमस्कार बाई. तुम्हाला सांगितलं असेलच. पीत नाही. खात्री करायची तर आत्ताच वास घ्या. नंतर चहा होतो, मग काही कळत नाही."

बोलणंही तसंच. एकेक शब्द सुटा, जड, जिभेवरून उचलून खाली ठेवल्यासारखा. मला हसूच आलं. ते बसत म्हणाले, "हसा की. हसलं की विषय संपतो. नाहीतर समजावून सांगावं लागतं. चालायचे कष्ट वाटत नाहीत बाई, सांगायचे वाटतात."

श्रीशैल पुजारी. गाव अक्कलकोटच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं. घरात पिढ्यान् पिढ्या देवळाची पूजा, बोलणं कानडी. गणित आणि कानडी सोडलं तर त्यांच्या अंगात कशाचंच ठाम बस्तान नव्हतं, असं ते स्वतःच म्हणायचे. कॉलेजात असताना पाय डगमगायला लागले. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी एका वाक्यात सांगितलं, फ्रीड्रिक्स अटॅक्सिया, नसांचा आजार, जन्माचा, औषध नाही. सरांनी ते ऐकून घेतलं, बी.एड. पूर्ण केलं आणि नोकरीला लागले. औषध नाही म्हटल्यावर पुन्हा डॉक्टरकडं जायचं कारण उरलं नव्हतं.

वर्गात त्यांना वर्तुळ काढता यायचं नाही. हात थरथरायचा. फळ्यावर बटाट्यासारखं काहीतरी उमटायचं आणि सर वर्गाकडं वळून म्हणायचे, "हे वर्तुळ आहे असं समजा. गणितात समजून घेतलं की झालं." मुलं समजून घ्यायची. त्यांच्या वर्गातून कधी गोंगाट ऐकू आला नाही. धाक नव्हता त्यांचा. सर इतके हळू आणि इतक्या कष्टानं बोलायचे की मध्ये कुणी बोललं तर त्यांना पहिल्यापासून सांगावं लागेल, एवढं पोरांना कळत होतं.

लग्न केलं नाही. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "दोन ठिकाणी बघायला गेलो की. मुलीला चालून दाखवायला सांगतात ना आपल्यात? मी म्हटलं, तिला बसू दे, आधी मी चालून दाखवतो. उंबऱ्यापासून कपाटापर्यंत गेलो. परत येताना पोह्यांच्या ट्रेवर पडलो. तिथंच फिसकटलं ते." हे सांगताना त्यांचा चेहरा अगदी सरळ. कुणी हळहळलं की ते चष्मा काढून पुसायला लागायचे आणि पुसून होईस्तोवर वर बघायचे नाहीत.

मग ती तक्रार आली. नव्यानं शाळेत मुलगी घातलेल्या एका पालकानं सरांना सकाळी झोकांड्या खात येताना पाहिलं होतं. संस्थेचे एक सभासद चौकशीला आले. मुख्याध्यापकांनी परोपरीनं सांगितलं, पण सभासदांना स्वतः बघायचं होतं. ऑफिसातल्या फरशीच्या रेषेवरून चाला, म्हणाले. आम्ही दोघी-तिघी दाराशी उभ्या होतो. सर दोन पावलं गेले, तिसरं टेबलाच्या पायाशी. टेबल धरून वळले.

"साहेब, खरंच प्यायलो असतो तर ह्याहून सरळ चाललो असतो."

सभासदांनी कागद गोळा केले. ते गेले. सर स्टाफरूममध्ये येऊन खुर्चीत बसले आणि तासाची घंटा झाली तरी उठले नाहीत. नेहमी घंटेच्या आधी निघायचे ते, पोचायला वेळ लागायचा म्हणून. मी म्हटलं, "सर, तास." म्हणाले, "हो. जातो. आज जरा अंग नको म्हणतंय."

त्याच पावसाळ्यात ते सात रस्त्याला पडले. मी रिक्षातून उतरत होते. रस्ता ओलांडताना त्यांचा पाय दुभाजकाला अडकला आणि ते आडवे झाले. भोवती माणसं जमली. "सकाळसकाळीच टाकून आलंय," कुणीतरी म्हणालं. मी धावत गेले, हात पुढं केला. सर पाठीवर पडून वर आभाळाकडं बघत होते. खरचटलं होतं, बाकी ठीक होतं.

"उठा सर, गाड्या येतायत."

"येऊ द्या. दोन मिनिटं पडतो बाई. उठायचा फार कंटाळा आलाय."

हे त्यांनी इतकं साधेपणानं म्हटलं की मी तिथंच गुडघ्यावर बसले. चौकातल्या पोलिसानं गाड्या वळवल्या. थोड्या वेळानं सरांनी स्वतःच हात पुढं केला.

त्यानंतर त्यांचं थट्टेनं बोलणं कमी होत गेलं. मुलांच्या वह्या घरी न्यायचं त्यांनी सोडलं, कारण हातातून पिशवी पडायची. पन्नाशी अजून लांब होती, पण पुढच्या वर्षी राजीनामा द्यायचं बोलायला लागले. मी काही बोलले की म्हणायचे, "चालतंय की." पूर्वी ह्या शब्दावर ते स्वतःच हसायचे.

अपंगत्वाच्या दाखल्याचं नूतनीकरण करायचं होतं, तेवढ्यासाठी त्यांना सरकारी दवाखान्यात तपासणीला जावं लागलं. तिथं एक नवीन डॉक्टर बसली होती, मेंदू आणि नसांची. वयानं लहान, आमची माजी विद्यार्थिनी असावी एवढी. तिनं सरांना डोळे मिटून उभं केलं, गुडघ्यांवर छोटी हातोडी मारून पाहिली आणि विचारलं, "आईवडील नात्यातले?"

"आईचं लग्न तिच्या सख्ख्या मामाशी झालं. आमच्याकडं होतात तशी."

"घरात आणखी कुणाला?"

"थोरल्या बहिणीला होतं. ती नाही आता."

"तुमचं व्हिटॅमिन ई कधी तपासलंय?"

सर मला नंतर म्हणाले, "मी म्हटलं तिला, माझ्यातलं तपासायचं राहिलेलं ते एकच असेल, घ्या तपासून."

रक्तात व्हिटॅमिन ई जवळजवळ नव्हतंच. मग आणखी एक नमुना हैदराबादला गेला, जनुकाच्या तपासणीला. निकाल ऐकायला सरांनी मला बरोबर नेलं. "एकट्यानं ऐकायचा कंटाळा आलाय," एवढंच कारण दिलं.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर यकृताचं चित्र काढलं. मी मराठी शिकवणारी बाई, मला समजेल असंच त्या बोलल्या. म्हणाल्या, आपण जे खातो त्यातलं व्हिटॅमिन ई तेलातुपाबरोबर पोटातून यकृतात येतं. तिथं एक प्रथिन असतं. त्याचं काम एकच. ते ह्या व्हिटॅमिनला उचलतं आणि रक्तात जाणाऱ्या चरबीच्या कणांवर चढवून देतं. तिथून ते नसांना मिळतं. हे प्रथिन कसं बनवायचं हे ज्या जनुकात लिहिलेलं असतं त्याचं नाव टीटीपीए. आईकडून एक प्रत येते, वडिलांकडून एक. एक बिघडलेली असेल तर काही होत नाही, दुसरी सांभाळून घेते. तुमच्या दोन्ही बिघडलेल्या आहेत. त्यामुळं खाल्लेलं व्हिटॅमिन यकृतातूनच बाहेर टाकलं जातं आणि नसा जन्मभर उपाशी राहतात. दिसायला हुबेहूब त्या पहिल्या आजारासारखं, पण हा तो आजार नाही.

"फरक काय पडला मग?" सरांनी विचारलं.

"ह्याला औषध आहे सर. व्हिटॅमिन ई. भरपूर, रोज, जेवणाबरोबर, जन्मभर. एवढं द्यायचं की उचलणारं कुणी नसलं तरी थोडं रक्तात पोचतंच."

सर कागदावरच्या चित्राकडं बघत राहिले. डॉक्टरीणबाई जरा गोंधळल्या. आनंदाची बातमी दिल्यावर माणूस आनंदतो, असं त्यांना वाटलं असेल. त्या घाईनं म्हणाल्या, "गेलेलं सगळं परत येईल असं नाही म्हणत मी. पण पुढं वाढणार नाही. थोडं सुधारेलही."

"लहानपणी कळलं असतं तर?"

त्यांनी कागदावरची पेन्सिल थांबवली. "तर कदाचित काहीच झालं नसतं."

खाली औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं मागं वळून हिरव्या गोळ्यांची पाकिटं काढली आणि मी बघतच राहिले. रात्री चेहऱ्याला लावायला, केसांच्या तेलात फोडून घालायला आमच्या स्टाफरूममधल्या निम्म्या बायका ज्या गोळ्या वापरतात, त्याच. माझ्या पर्समध्ये त्या वेळी एक पाकीट होतं.

"एवढ्या?" दुकानदार म्हणाला. "केस गळतायत का सर?"

सरांच्या डोक्यावर कानांच्या वर जी झालर उरली होती, तिच्यावरून त्यांनी हात फिरवला. "होय. फार गळतायत."

"येतील की. लई गुणकारी हायत."

बाहेर येऊन सर दुकानाच्या पायरीवर बसले. मला वाटलं हसताहेत. खांदे हलत होते. पण ते हसत नव्हते.

"अक्काला पण ह्याच चालल्या असत्या," म्हणाले.

महादेवी अक्का, त्यांची थोरली बहीण. तिचं त्यांनी त्यापूर्वी कधी नाव काढलं नव्हतं. त्या पायरीवर बसून सांगितलं. दहाव्या वर्षी ती पडायला लागली, पुढं सरपटायला लागली. सरांहून कितीतरी लवकर आणि कितीतरी जास्त. वडील सकाळी पूजेला जाताना तिला पाठीवर घेऊन देवळात नेऊन बसवायचे. लोक म्हणायचे पुजाऱ्याकडून सेवेत काही चुकलं असणार. वडील वादात पडायचे नाहीत, त्यांनाही तसंच वाटायचं. अक्का देवळाच्या ओट्यावर बसून हार करायची, सुईत दोरा तिला ओवता यायचा नाही म्हणून श्रीशैल आधी दहा सुया ओवून ठेवायचा. पंचविशीच्या आतच गेली.

"आमच्या गावात किराणा दुकानात पण मिळतात ह्या गोळ्या आता," सर म्हणाले. मग उठले.

गोळ्यांनी ते काही महिन्यांत बरे झाले म्हणावं तर तसं काही झालं नाही. हाताची थरथर थोडी कमी झाली. बोलणं किंचित सुटलं. पडायचे ते पडतच राहिले. पण डॉक्टरीणबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली होती आणि ती सरांना स्वस्थ बसू देत नव्हती. घरात आणखी कुणी असेल तर बघा. सरांचा धाकटा भाऊ मल्लिनाथ गावी पूजा बघायचा. त्याची बायको म्हणजे त्यांच्या मामाचीच मुलगी. त्यांची मुलगी अक्षता तिसरीत होती. दिवाळीत सर गावी गेले तेव्हा तिच्या दोन्ही गुडघ्यांवर खपल्या होत्या.

फोनवर मल्लिनाथ आधी "बघू" म्हणाला, मग फोन उचलेनासा झाला. एका रविवारी सर म्हणाले, "बाई, तुमची गाडी मिळेल का?" माझी गाडी जुनी, पण चालवते मी. आम्ही निघालो. होटगीच्या पुढं सर खिडकीला डोकं टेकून झोपले ते थेट अक्कलकोटला जागे झाले.

मल्लिनाथ देवळाच्या ओट्यावरच भेटला. कपाळाला भस्म, अंगात बनियन. "बर्री, कूड्री," म्हणत मला बसायला चटई टाकली. मुलगी खांबाआडून बघत होती. दोघे भाऊ आधी कानडीत बोलले. आवाज चढत गेले. मग मल्लिनाथ माझ्याकडं वळला, बहुधा साक्षीला.

"तुमीच सांगा बाई. पोरगी पडती, व्हय, पडती. पोरं पडतातच की. आता रगात काडून हैदराबादला धाडलं की गावभर होनार. अक्काचं नाव हाय आदीच. उद्या हिला कोन करून घेईल?"

"गोळी खायची आहे रे फक्त," सर म्हणाले.

"गोळीचं न्हाय अण्णा. गोळी खाल्ली म्हंजे आजार हाय असं ठरलं की."

मी काही बोलणार होते. सरांनी नुसतं बोट वर केलं. मुलीला हाक मारली, "अक्षता, बा इल्ली." ती आली. आली तशी मला तिचे पाय दिसले. फाकवलेले, जपून टाकलेले. शाळेच्या व्हरांड्यात पहिल्या दिवशी पाहिले होते तसेच, फक्त लहान.

"पाय जोडून उभी राहा. तशीच. आता डोळे मिट."

तिनं डोळे मिटले. क्षणभर नीट उभी राहिली. मग डोकं हललं, खांदे हलले, हात हवेत काहीतरी धरायला गेले. सर तिच्या अगदी समोर होते. त्यांनी तिला धरायला दोन्ही हात पुढं केले आणि तेच पुढं झुकले. एका हातानं त्यांना खांब धरावा लागला. दुसरा हात मुलीपर्यंत पोचला नाही.

"मल्लू, तू धर!" ते ओरडले. "मला धरता येत नाही रे!"

मल्लिनाथनं झेप घेऊन तिला छातीशी धरलं. ती डोळे मिटूनच हसत होती, तिला खेळ वाटला होता. मल्लिनाथ हसत नव्हता. त्यानं एकदा मुलीकडं पाहिलं, एकदा खांबाला लटकलेल्या भावाकडं. त्याची बायको दारातून सगळं बघत होती. ती आत गेली आणि मुलीचा धुतलेला फ्रॉक घेऊन आली.

"आजच जाऊ," ती म्हणाली. नवऱ्याला विचारलं नाही तिनं.

परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर आईच्या मांडीवर पोरगी झोपली. सर पुढं बसून रस्त्याकडं बघत होते. जिंकल्याचं काही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. बऱ्याच वेळानं हळूच म्हणाले, "बरं झालं तोल गेला तिचा. नसता गेला तर मला काय सांगता आलं असतं?"

अक्षताचा निकाल अपेक्षेप्रमाणंच आला. गोळ्या सुरू झाल्या. सरांनी त्यानंतर वर्षभरानं नोकरी सोडली, खोली सोडली आणि गावी भावाकडं राहायला गेले. आम्ही शाल-नारळ दिला. त्यांना भाषण करायला सांगितलं तर म्हणाले, "फार वेळ लागेल," आणि बसले.

मध्ये काही वर्षं गेली. मीही निवृत्त झाले. मागच्या उन्हाळ्यात अक्कलकोटला एका लग्नाला गेले होते, तिथून वाट वाकडी करून त्यांच्या गावी गेले. सर सोप्यावर भिंतीला टेकून बसले होते. आता चाकाचा वॉकर होता जवळ. केस सगळे गेले होते. बाकी तब्येत होती तशीच, आणि तशीच राहणं हेच त्यांच्या बाबतीत मोठं होतं.

आम्ही जेवायला बसलो. अक्षताही बसली. उंच झाली होती, वेणी घातलेली, शाळेच्या खो-खोच्या संघात. चालताना, बसताना, ताट आणताना मी तिच्या पायांकडंच बघत होते. काही कळत नव्हतं. तिच्या आईनं ताटाशेजारी गोळ्या ठेवल्या, एक वाटी सरांची, एक तिची. पोरीनं तोंड वाकडं केलं.

"मला काय झालंय? मी कशाला खायच्या? दोड्डप्पांना पाय न्हाईत म्हणून ते खातेत." दोड्डप्पा म्हणजे थोरले काका.

"अक्षता!" आई ओरडली.

"खरंच की. मी कधी पडत होते? मला न्हाय आठवत."

मी सरांकडं पाहिलं. जन्मभर ज्याला त्याला तेच तेच समजावून सांगत आलेला माणूस. आता सांगतील, अक्काचं सांगतील, यकृताचं सांगतील, असं मला वाटलं. त्यांनी भाताचा घास कालवला. थरथरत्या हातानं स्वतःच्या गोळ्या तोंडात टाकल्या, वरून पाणी प्यायले.

"खा गं," म्हणाले. "मला सोबत म्हणून खा."

तिनं सुस्कारा टाकून गोळ्या गिळल्या, ताट उचललं आणि बाहेर पळाली. बाहेरून तिचा आवाज येत राहिला, कुणाशी तरी भांडत होती.

"तिला खरंच वाटत नाही बाई," सर माझ्याकडं वाकून म्हणाले. "आपल्याला कधी काही झालं होतं, हे तिला खरं वाटत नाही." आणि भिंतीला डोकं टेकून त्यांनी डोळे मिटले. थकलेला माणूस बसच्या सीटवर एकदाची जागा मिळाल्यावर मिटतो तसे.

निघताना मी नको म्हणत होते तरी ते फाटकापर्यंत आले. वॉकर मागेच सोडला आणि फाटकाचा खांब दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. मी गाडी वळवली, काचेतून हात हलवला. हात हलवायचा तर त्यांना खांब सोडावा लागला असता. त्यांनी सोडला नाही. हनुवटी तेवढी वर उचलली आणि गाडी देवळाच्या वळणाला लागेपर्यंत तशीच धरून ठेवली.